गेंटच्या घंटामनोऱ्यासाठी अर्धा दिवस द्या

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली नेणाऱ्या सर्व पर्यटन संस्थांचे संचालक, कार्यक्रम आखणारे अधिकारी आणि सहल व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

मी सोलापूरची एक निवृत्त शिक्षिका आहे. ३२ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून, आपल्याकडील अनेक नोकरदार कुटुंबे करतात तसा, युरोपचा एक मोठा प्रवास केला. चार वर्षांपूर्वी मी आणि माझे पती आपल्यापैकी एका संस्थेबरोबर ११ दिवसांच्या सहलीला गेलो होतो. संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तिने कागदावर कबूल केलेले सर्व काही पाळले. वेळेवर गरम जेवण दिले, चांगल्या हॉटेलांत उतरवले, गुडघे दुखणाऱ्यांची घरच्यासारखी काळजी घेतली. माझे म्हणणे त्या कागदाबद्दलच आहे, आणि तो कागद थोड्याफार फरकाने आपण सर्वजण छापता.

त्या सहलीत ब्रुसेल्सहून ब्रुजला जाताना बेल्जियममधील गेंट या शहरात आमची बस थांबली. कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी ५० मिनिटे होती. गेंटच्या जुन्या भागात मोटारींना मज्जाव असल्यामुळे बस दूर उभी करावी लागते; जायला १५ आणि यायला १५ मिनिटे गेल्यावर हाती २० उरली. एका उंच, करड्या दगडी मनोऱ्यासमोर आम्हांला उभे करून व्यवस्थापकांनी 'हे येथील प्रसिद्ध चर्च, वर टोकाला सोनेरी ड्रॅगन दिसतो पाहा' एवढे सांगितले, सर्वांचा एकत्र फोटो काढला आणि परत फिरण्याची सूचना दिली. नेमक्या त्याच वेळी मनोऱ्यातून घंटांची एक धून सुरू झाली. वर सूर चालू होते आणि खाली आमची हजेरी चालू होती. माझे पती भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते मान वर करून तसेच उभे राहिले होते आणि त्यांना दोनदा नावाने हाक मारून बोलवावे लागले.

तो तरुण व्यवस्थापक अतिशय सज्जन होता आणि त्याला जे सांगण्यात आले होते तेच त्याने आम्हांला सांगितले. परंतु ते चर्च नव्हते. ही चूक केवळ शब्दाची असती तर मी हे पत्र लिहिले नसते. त्या मनोऱ्याचे सारे महत्त्वच तो चर्चचा नाही या एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट सांगितली नाही तर प्रवाशाने तेथे जाऊन काय पाहिले, असा प्रश्न मला पडतो.

गेंटच्या मध्यभागी सेंट मिखाएलच्या पुलावर उभे राहिले की तीन मनोरे एका ओळीत दिसतात. अलीकडचा सेंट निकोलस चर्चचा, पलीकडचा सेंट बाव्हो कॅथेड्रलचा, ज्यात व्हान आइक बंधूंचे १४३२ साली पूर्ण झालेले जगप्रसिद्ध वेदीचित्र आहे. त्या दोघांच्या मधला मनोरा ना धर्मपीठाचा, ना राजाचा. तो शहराचा आहे. त्याला तेथील डच भाषेत 'बेलफोर्ट' म्हणतात. १३१३ साली यान व्हान हाल्स्ट या गवंडीप्रमुखाच्या आराखड्यानुसार त्याचे काम सुरू झाले आणि युद्धे, साथी व अंतर्गत भांडणे यांत पुनःपुन्हा खंडित होत १३८० मध्ये ते पूर्णत्वाला गेले. त्याची उंची ९१ मीटर असून बेल्जियममधील घंटामनोऱ्यांत तो सर्वांत उंच आहे. म्हणजे पाया खणणाऱ्या हातांनी कळस पाहिला नाही आणि तरीही तिसऱ्या पिढीने तो त्याच जिद्दीने चढवला.

ही जिद्द कोठून आली, हे समजण्यासाठी मनोऱ्याला लागून असलेली लांब इमारत पाहावी लागते. ती कापड-बाजाराची इमारत. मध्ययुगात आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत मोठ्या शहरांत गेंटची गणना होत असे, आणि ते मोठेपण लोकरीच्या कापडावर उभे होते. इंग्लंडहून लोकर यायची, येथे ती कातली, विणली, कुटली आणि रंगवली जायची, आणि या इमारतीत कापड मोजून, तपासून मगच विक्रीला जायचे. विणकरांचे आणि इतर कारागिरांचे जे संघ होते त्यांना आपण 'गिल्ड' म्हणतो. पण आपल्याजवळ त्यासाठी त्याहून जुना शब्द आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा जो शिलालेख आहे, त्यात विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. 'श्रेणी' हा शब्द वापरून ही इमारत समजावून सांगितली तर मराठी माणसाला ती एका वाक्यात कळेल. या इमारतीचे काम १४२५ मध्ये सुरू झाले, २० वर्षांनी ते थांबले तेव्हा ठरलेल्या ११ गाळ्यांपैकी ७ बांधून झाले होते, आणि उरलेले ४ मूळ आराखड्याप्रमाणेच १९०३ मध्ये जोडले गेले.

अशा शहराला तीन गोष्टी हव्या होत्या. आपल्या हक्कांच्या सनदा जपून ठेवायला एक भक्कम जागा, आग आणि शत्रू दुरून दिसावा यासाठी एक उंच जागा, आणि सर्वांना एकाच वेळी हाक मारता येईल असा एक आवाज. तिन्ही या एकाच मनोऱ्यात आहेत. तळाशी जाड भिंतींच्या खोलीत, कुलूपबंद पेटाऱ्यात सनदा, वर पहारेकरी, आणि त्यांच्या मधोमध घंटा. मी वर्गात मुलांना नागरी स्वातंत्र्याचा धडा शिकवत असे तेव्हा तो शब्द फळ्यावर लिहून पुढे जात असे. तो दगडात बांधलेला मी प्रथम येथे पाहिला, आणि तोही दुसऱ्या खेपेस.

होय, आम्ही दुसऱ्यांदा गेलो. गेल्या शरद ऋतूत नेदरलँड्समधील आइंडहोव्हनला माझ्या भाचीकडे राहिलो असताना तिने एका शुक्रवारी आम्हांला गेंटला नेले आणि आम्ही संबंध सकाळ त्या मनोऱ्यात घालवली. त्या सकाळीबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्या प्रवाशांना काय मिळू शकेल हे आपल्याला त्यावरूनच कळेल.

सुरुवातीच्या पायऱ्या दगडी आणि चक्राकार आहेत. एवढा टप्पा चढून गेल्यावर वर नेणारी लिफ्ट आहे, त्यामुळे माझ्यासारख्या ६८ वर्षांच्या बाईला, सांधेदुखी असूनही, मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत जाता आले. ज्यांना पहिल्या पायऱ्याही शक्य नाहीत त्यांच्यासाठी खाली कापड-बाजाराची इमारत आणि चौक आहेच. मजल्या-मजल्यावर थांबत जावे. एका दालनात एक दगडी सैनिक उभा आहे. पूर्वी मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांवर असे चार शिपाई पहाऱ्याला होते, त्यांपैकी हा एक मूळचा. ऊनपावसाने त्याचा चेहरा जवळजवळ पुसला गेला आहे, तरी उभे राहण्याची ढब तशीच आहे. तेथेच टोकावरून उतरवलेले जुने ड्रॅगनही ठेवले आहेत. खालून मांजराएवढा दिसणारा तो प्राणी समोर आला की माणूस दोन पावले मागे सरतो. धर्मयुद्धांतून परतणाऱ्यांनी तो कॉन्स्टँटिनोपलहून ब्रुजला आणला आणि १३८२ मध्ये गेंटच्या लोकांनी ब्रुजचा पराभव करून तो लुटून नेला, अशी आख्यायिका मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ब्रुजचा तो पराभव खरा आहे; पण मनोऱ्याचे काम १३८० मध्ये संपत आले तेव्हाच ड्रॅगन वर पोहोचला होता, तेव्हा लुटीची गोष्ट लोकांनी नंतर रचली असावी. शिक्षिका म्हणून मला ही विसंगती फार आवडली. सहलीत सोबत शाळकरी मुले असतील तर त्यांना ही दोन साले द्यावीत आणि गोष्ट खरी की खोटी ते त्यांनाच ठरवू द्यावे.

आणि मग घंटा. येथे मला आपल्याकडे थोडे अधिक लक्ष मागायचे आहे.

या मनोऱ्यातील मुख्य घंटेचे नाव रोलंड. ती १३१४ मध्ये प्रथम ओतली गेली आणि पुढे अनेकदा पुन्हा ओतली गेली. माझे नाव रोलंड, मी सावकाश वाजले तर आग आहे, जोराने घणघणले तर फ्लँडर्समध्ये (गेंट ज्या प्रांतात आहे तेथे) वादळ आहे, अशा अर्थाच्या ओळी तिच्या नावावर परंपरेने सांगितल्या जातात. शहराची एखादी घंटा माणसासारखे नाव धारण करते आणि स्वतःबद्दल प्रथम पुरुषी बोलते, हे आपल्याला परके वाटू नये. आपल्याकडे तोफांना नावे असत आणि लोक त्यांच्याबद्दल तशाच आपुलकीने बोलत. रोलंड वाजली की विणकर माग सोडून चौकात येत. सभेसाठी, बचावासाठी आणि प्रसंगी राज्यकर्त्यांविरुद्धही.

म्हणूनच तिला शिक्षा झाली. सम्राट पाचवा चार्ल्स याचा जन्म १५०० साली गेंटमध्येच झाला होता. त्याच्या युद्धखर्चासाठी मागितलेला कर शहराने नाकारला आणि १५३९ मध्ये बंड पुकारले, तेव्हा पुढच्या वर्षी तो सैन्यासह आपल्या जन्मगावी आला. त्याने शहराच्या सनदा रद्द केल्या, श्रेणींचे अधिकार काढून घेतले, प्रतिष्ठित नागरिकांना अनवाणी, अंगात पांढरे सदरे आणि काहींच्या गळ्यात फास अशा अवस्थेत क्षमा मागायला लावले, आणि रोलंड घंटा उतरवण्याचा हुकूम दिला. बंडाची हाक तिने दिली होती, म्हणून ती दोषी. गेंटच्या लोकांना आजही 'फास वाहणारे' या अर्थाच्या नावाने ओळखतात. ते हे नाव अपमान मानत नाहीत, आणि दर वर्षी जुलैतील शहराच्या उत्सवात गळ्यात दोर घालून तीच मिरवणूक काढतात. पराभवाची आठवण इतक्या ताठ मानेने जपणारे शहर मी दुसरे पाहिलेले नाही.

पुढे १६५९-६० मध्ये पीटर हेमोनी या ख्यातनाम ओतकाराने रोलंड वितळवली आणि तिच्या धातूतून ४० घंटांचा एक वाद्यसंच घडवला. या वाद्याला कॅरिलन म्हणतात. आज त्यात ५० हून अधिक घंटा आहेत. हेमोनीने केलेल्यांपैकी सर्वांत मोठी घंटा, 'महाविजयिनी' असे जिच्या नावाचे मराठी करता येईल ती, ६ टनांहून जड होती. १९१४ मध्ये तिला तडा गेला. आता ती मनोऱ्यातून खाली आणून चौकाजवळ ठेवली आहे आणि तो तडा कोणालाही जवळून पाहता येतो. पहिल्या खेपेस आम्ही तिच्यापासून फार तर १०० पावलांवर फोटोसाठी उभे होतो आणि ती काय आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते.

कॅरिलन वाजते कसे, हे वर गेल्याशिवाय कळत नाही. आपल्या देवळातील घंटेला टोल देतो तशी ही घंटा हलत नाही. ती तुळईला घट्ट बांधलेली असते. मनोऱ्यात एक प्रचंड धातूचे पिंप आहे, त्याच्या अंगभर खुंट्या बसवलेल्या आहेत. पिंप फिरते, खुंटी तरफ उचलते, तरफेची तार बाहेरच्या हातोड्याला ओढते आणि हातोडा घंटेवर पडतो. तासाची धून अशी आपोआप वाजते, आणि धून बदलायची असेल तर खुंट्या एकेक काढून नव्या जागी बसवाव्या लागतात. त्याखेरीज प्रत्यक्ष वादक जेव्हा बसतो तेव्हा त्याच्यापुढे लाकडी दांड्यांची रांग असते. तो त्या मुठींनी दाबतो, मोठ्या घंटांसाठी पायांनी, आणि तारांमार्फत घंटेच्या आतला लोलक खेचला जातो. हे शिकवणारी एक स्वतंत्र शाळा बेल्जियममधील मेखेलेन येथे १९२२ पासून आहे, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या कॅरिलन-परंपरेच्या जतनकार्याची आदर्श म्हणून नोंद घेतली.

माझ्या पतींनी त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचली नव्हती. तानपुऱ्याच्या खर्जात जाणत्या कानाला आपोआप शुद्ध गंधार ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. घंटेच्या नादात मात्र मूळ स्वराच्या पोटात कोमल गंधार असतो आणि त्यावर पंचम. म्हणून आनंदाची धूनसुद्धा घंटांवर थोडी व्याकूळ वाटते. परत आल्यावर मी याविषयी वाचले तेव्हा कळले की पीटर आणि त्याचा भाऊ फ्रान्स्वा या हेमोनी बंधूंचे मोठेपण याच ठिकाणी आहे. यूट्रेख्टच्या याकोब व्हान आइक या अंध संगीतकाराच्या साहाय्याने त्यांनी घंटेच्या आतला धातू नेमका हवा तेवढा काढून हे आंतरिक स्वर एकमेकांशी जुळवण्याची विद्या साधली, आणि त्यानंतरच घंटांचे खऱ्या अर्थाने सुरेल वाद्य झाले. संगीत ऐकण्याची इतकी जुनी सवय असलेल्या मराठी श्रोत्यांना आपण मनोऱ्याच्या पायथ्याशी नेता आणि ऐकू न देता परत आणता, याचे मला खरोखर दुःख आहे.

वरच्या सज्जावर वारा जोराचा असतो आणि वाट अरुंद असते, त्यामुळे मोठ्या गटाने तुकड्या करून जावे. तेथून सरदार-उमरावांचा जुना किल्ला दिसतो, ग्राव्हेनस्टेन, ११८० च्या सुमारास फ्लँडर्सच्या काउंटने बांधलेला. एका बाजूला राज्यकर्त्याचा किल्ला आणि पायांखाली नागरिकांचा मनोरा, असे उभे राहिल्यावर या शहराचा चारशे वर्षांचा झगडा नकाशासारखा समोर येतो. पण मला तेथे आणखी एक गोष्ट समजली आणि मी कठड्याला धरून थोडी थांबले. १८०० च्या सुमारास लिव्हेन बाउवेन्स नावाच्या गेंटच्या उद्योजकाने इंग्लंडमधून सूतकताईचे यंत्र सुट्या भागांत चोरून आणले, त्यावर येथे कापसाच्या गिरण्या वाढल्या, आणि त्या सरदारी किल्ल्याच्या आतही एकोणिसाव्या शतकात कापसाची गिरणी चालली. लोकरीचे गाव कापसाचे झाले.

मी गिरणीच्या गावची मुलगी आहे. माझे वडील सोलापूरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. आमच्या घरी घड्याळ होते, पण स्वयंपाक, शाळा, नळाचे पाणी, आजीचा देव, सगळे भोंग्यावर चालायचे. संपाच्या दिवसांत भोंगा बंद पडला तेव्हा आई पहाटे उठून बसायची आणि 'वाजला का?' असे विचारायची. फ्लँडर्समधील गावांत विणकरांच्या कामाची सुरुवात आणि शेवट सांगणाऱ्या घंटा असत, हे मी पुस्तकांतून शिकवले होते. आमच्या भोंग्याचे ते सहाशे वर्षांपूर्वीचे रूप आहे, हे मला गेंटच्या सज्जावर उभे राहून उमगले. आपल्या बसमधून परळ, लालबाग, सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव येथली माणसे जातात. त्यांना विणकरांच्या शहरात नेऊन 'हे चर्च' असे सांगितले जाते.

आणखी एक धागा आहे, आणि तो तर थेट आपल्या देवळांत बांधलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तेथील पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठा सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी घंटा टांगलेली आहे तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी स्पष्ट दिसते. भीमाशंकरलाही तशीच घंटा आहे. जेत्याने घंटा उतरवून नेणे म्हणजे त्या गावाचा आवाज नेणे, ही समजूत सम्राट चार्ल्सला होती तशीच आपल्या सरदारांनाही होती, आणि वाजती वस्तू मोडण्यापेक्षा ती पुन्हा वाजवावी ही बुद्धी गेंटच्या ओतकाराला झाली तशी आपल्यालाही झाली. मेणवलीच्या घंटेला हात लावलेला प्रवासी गेंटमध्ये परका असणार नाही, फक्त त्याला कोणीतरी आठवण करून द्यायला हवी.

आता आपल्या बाजूचे बोलते. मला ठाऊक आहे की कार्यक्रम आखणे सोपे नाही. चालकाच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी भारतीय जेवण तयार असते, ४० माणसांना एकत्र हलवायचे असते, आणि प्रवासी स्वतःच विचारतात की एवढ्या पैशांत देश किती दाखवणार. हा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि त्याला आम्ही ग्राहकही जबाबदार आहोत. माझ्याच नात्यातील लोकांनी परत आल्यावर पहिला प्रश्न देशांच्या संख्येचाच केला होता. पण ही सवय लागण्यात आपल्या जाहिरातींतील मोठ्या आकड्यांचाही वाटा आहे. ज्या माणसाला मनोरा वरून पाहता येतो हे कधी कळलेच नाही, तो वर नेण्याची मागणी कशी करील?

लोकांना चढायचे नसते, असेही मला एका व्यवस्थापकांनी सांगितले. पंढरीची वारी चालणाऱ्या, जेजुरी आणि वणीच्या पायऱ्या साठीनंतरही चढणाऱ्या लोकांबद्दल हे विधान आहे. वर काय आहे हे माहीत असले की आपली माणसे चढतात. आणि गेंटमध्ये तर बहुतेक चढ लिफ्ट करते.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. ब्रुसेल्स आणि ब्रुज यांच्यामध्ये गेंटला ५० मिनिटांऐवजी अर्धा दिवस द्यावा. त्यासाठी वेळ कोठून काढायचा तेही सुचवते: आमच्या सहलीत त्याच दिवशी एका चॉकलेटच्या दुकानात सव्वा तास आणि एका खरेदी-केंद्रात दीड तास गेला होता. चॉकलेट गेंटमध्येही मिळते, तेही मनोऱ्याच्या सावलीत. कॅरिलनवर प्रत्यक्ष वादन कोणत्या वारी आणि किती वाजता आहे, हे मनोऱ्याच्या व्यवस्थापनाकडून आधी विचारून घ्यावे आणि बस त्या वेळेला धरून न्यावी. आपण पॅरिसला नदीतील बोटीची वेळ धरून जाता, तसेच हे. गटाची तिकिटे आधी काढावीत. ज्यांना वर जायचे नाही त्यांच्यासाठी खाली बसण्याची जागा आणि तडकलेल्या घंटेजवळ पाच मिनिटांची माहिती असावी. वादन चालू असताना हजेरी घेऊ नये, एवढे तर खर्चाशिवाय होण्यासारखे आहे.

दुसरी विनंती व्यवस्थापकांच्या तयारीबद्दल आहे. ही मुले हुशार असतात, अनेक भाषा बोलतात, रात्री दोन वाजता आजारी प्रवाशाला दवाखान्यात नेतात. त्यांना प्रत्येक गावाबद्दल दोन ओळींचा कागद देऊन पाठवणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधील असे ५६ घंटामनोरे मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पहिल्या ३२ मनोऱ्यांची नोंद १९९९ ची, फ्रान्समधले मनोरे २००५ मध्ये जोडले गेले. आपण ब्रुजला जाता तेथेही एक आहे, ८३ मीटर उंच आणि ३६६ पायऱ्यांचा, आणि तेथे लिफ्ट नाही. त्यामुळे वयस्क प्रवाशांच्या गटासाठी गेंट हीच निवड योग्य ठरते. हे ज्याला माहीत आहे तो व्यवस्थापक बसमध्येच लोकांना तयार करील.

गेंटवर मी मराठीत १२ पानांचे एक टिपण तयार केले आहे. त्यात मनोऱ्याचा इतिहास, रोलंड घंटेची गोष्ट, वर जाण्याचा क्रम, कॅरिलनची रचना दाखवणाऱ्या माझ्या पतींनी काढलेल्या दोन आकृत्या, आणि नारोशंकर व मेणवली येथील घंटांची माहिती आहे. बसमध्ये ब्रुसेल्स ते गेंट या एका तासाच्या आत ते सावकाश वाचून दाखवता येते; मी घरी घड्याळ लावून वाचून पाहिले आहे. आपल्यापैकी जी संस्था मागेल तिला ते मी विनामूल्य देईन, त्यावर माझे नाव छापण्याचीही गरज नाही. सहलीला निघण्यापूर्वी आपण प्रवाशांची जी बैठक घेता, तेथे येऊन बोलायलाही मी आणि माझे पती तयार आहोत. सोलापूर आणि पुणे येथे आम्ही स्वतःच्या खर्चाने येऊ.

उन्हाळी सहलींची पत्रिका आपण दिवाळीच्या सुमारास छापायला देता, असे कळते. त्यापूर्वी या पत्राचा विचार व्हावा.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सोलापूर